भाऊ कर्नलपासून सुरू करतात

नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत कोणत्याही लेआउटात जा, एक तरी लिनक्सवाले भाऊ सापडतात. वय पन्नाशीचं, नोकरी निमसरकारी, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कॉम्प्युटरमधलं विंडोज काढून उबुंटू घालून देणं हे जीवितकार्य. घालून देतात फुकट, त्यामुळे पुढे तक्रारीला जागा राहत नाही.

मे महिना, पारा पंचेचाळिसावर, आणि वहिनींचा फोन येतो: "भाऊ, भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ हार्डडिस्कवर टाकून राहिली मी. पाचशे जीबी आहे. सकाळपासून सरकूनच नाही राहिला."

दुसरा कोणी आधी वायर हलवून पाहील. भाऊ येतात ते कर्नलची आवृत्ती विचारत. 5.15 च्या आधीची असेल तर संपलंच! 2021 च्या त्या कर्नलमध्ये विंडोजच्या एनटीएफएस डिस्कसाठी नवा ड्रायव्हर आला. जुना प्रोसेसरला जास्त राबवतो. हे सगळं खरं आहे. भाऊंचं काहीच खोटं नसतं, पंचाईत तीच आहे.

मग काळी खिडकी उघडते. एचडीपार्मनं वाचनाचा वेग मोजला जातो, स्मार्टसीटीएलनं डिस्कची तब्येत. तापमान बावन्न दिसताच भाऊ कूलरचं तोंड माणसांकडून डिस्ककडे वळवतात. "गरम होऊन राहिली ना बाप्पा ती!" घरचे पदरानं वारा घेतात. मधेच वहिनी विचारतात, बार आधी भराभर पळाला अन् मग अडकला कसा? भाऊंचा चेहरा उजळतो. पळतो तो रॅममधल्या कॅशेत, डिस्कवर उतरणं मागाहून. म्हणून शंभर टक्के दिसलं तरी वायर उपटायची नाही. एवढं सांगायला दोन चहा लागतात. ऐकण्यासारखं असतं, हे मात्र कबूल.

तर्री-पोहे येतात. एसएमआर जातीच्या डिस्क भरत आल्या की लिहिताना कशा रडतात, यावर प्रवचन सुरू असताना ट्यूशनहून आलेली पोरगी म्हणते, "काका, ही तर माझ्या जुन्या मोबाइलची चार्जिंगची वायर आहे."

असतेच. डिस्कचं रुंद यूएसबी 3.0 भोक जुनी मायक्रो पिनही अर्ध्या भागात बिनतक्रार बसवून घेतं, फक्त वेग यूएसबी 2.0 चा देतं. कागदावर 480 मेगाबिट, म्हणजे सेकंदाला 60 मेगाबाइट; हाती पस्तीस-चाळीस. पाचशे जीबीला जवळपास चार तास. एलएसयूएसबी ही एकच आज्ञा हे पहिल्याच मिनिटाला सांगती. भाऊंना ती पाठ आहे. फार सोपी, म्हणून शेवटी ठेवलेली.

डिस्कसोबत आलेली वायर कपाटातून निघते, निळ्या पोर्टात जाते, आणि उरलेलं काम तिप्पट वेगानं पळायला लागतं. सगळे खूश, भाऊ सोडून. चप्पल घालता घालता ते बजावतात, "चाललं म्हणून गाफील राहू नका, वहिनी. कर्नल एकदा पाहाच लागते. रविवारी येतो."

आणि येतात.

तेव्हा वाचकहो, डिस्क हळू चालत असेल तर आधी वायर बदला, मग पोर्ट. तरीही नाहीच जमलं तर भाऊंना बोलवा. पण कूलर दोन ठेवा.