बर्फावरच्या मासेमारीसाठी तंगूस कसा निवडावा : माणकरांना काही सूचना

हे मार्गदर्शन माण, हिंजवडी, मारुंजी, म्हाळुंगे आणि नांदे इथल्या रहिवाशांसाठी आहे. त्यांचे दोन वर्ग पडतात. इन्फोटेक पार्कच्या तिसऱ्या टप्प्यातली कंपनी ज्यांना थंडीत मिनेसोटाला धाडणार आहे ते, आणि ज्यांना कुठेच धाडणार नाही ते. तंगूस दोघांनाही लागतो, पण एकच नाही.

जाणाऱ्यांचं आधी उरकू. मिनेसोटात तळी गोठली की माणसं खुर्ची, शेगडी आणि गळ घेऊन थेट तळ्यावर जाऊन बसतात. बर्फ किती जाड असला म्हणजे काय करावं, हे तिथलं सरकार छापून सांगतं. चालायला 4 इंच, लहान मोटार न्यायला 9 ते 10 इंच. (हिंजवडीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याची खोली अशी जाहीर करण्याचा प्रघात अजून पडलेला नाही. आपण पुढच्या रिक्षाच्या चाकावरून अंदाज घेतो.) मग गिरमिटाने बर्फाला वीतभर रुंद भोक पाडायचं आणि त्यातून गळ सोडायचा.

थंड पाण्यातला मासा सुस्त असतो आणि संशयी असतो. आमिषाकडे तो बराच वेळ पाहत राहतो, त्यामुळे तंगूस बारीक हवा. लहान माशांना 2 ते 4 पौंड ताण सोसणारा पुरतो, वॉलआय नावाच्या मोठ्या माशाला 6 ते 8 पौंडांचा. साधा नायलॉन गारठ्यात ताठरतो आणि रिळावरची वळणं सोडायला तयार होत नाही. विणलेली दोरी पाणी पिते, ते पाणी भोकाबाहेर येताच गोठतं आणि हातात सळई उरते. म्हणून शेवटचे काही हात फ्लुरोकार्बनचे घ्यावेत. फ्लुरोकार्बन पाणी शोषत नाही, आपल्या वजनाने बुडतो आणि माशाला कमी दिसतो. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, याचा 1.42 च्या आसपास, नायलॉनचा त्याहून जास्त. ही माहिती तिकडे शेगडीभोवती सांगितल्यास मान मिळतो. उन्हाळ्यात तिथे माणशी एकच गळ चालतो, बर्फावर दोन चालतात. परवाना मात्र काढावा लागतो, आणि तो तुमच्या मॅनेजरच्या नावाचा चालत नाही.

आता राहणाऱ्यांकडे वळू. माणला बर्फ नाही, ही तक्रार रास्त असली तरी उतावीळ आहे. गावाच्या दक्षिणेला नांदे-म्हाळुंग्याकडून मुळा वाहते, पुढे वाकड-बालेवाडीच्या मधून जाते. थंडी सरू लागली की तिच्यावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत थर चढतो. रंग हिरवा, वर जांभळी फुलं. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. पोषण मिळालं तर दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि पोषणाची आपण आबाळ केलेली नाही. मिनेसोटातला थर जाड व्हायला कडाक्याची थंडी पडावी लागते. आपला थर घरोघरच्या न्हाणीघरांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस घेऊन ऐन चैत्रातही वाढतो. तिकडचा वसंतात आपोआप वितळतो. इकडच्यासाठी निविदा निघते, ठेकेदार येतो, यंत्र येतं, आणि उरलेलं काम पहिला पूर करतो. पूर तो अख्खा हिरवा गालिचा दापोडीच्या संगमावरून पुण्याच्या स्वाधीन करतो.

जाडीबद्दल मात्र गैरसमज नको. जलपर्णी कितीही दाट दिसली तरी ती 4 इंचांच्या नियमात बसत नाही. कुरण समजून गुरं फसतात, माणसाने फसू नये. काठावरच बसावं. गिरमिटाचा उपयोग नाही. लांब बांबूला विळा बांधून थराला खिडकी पाडावी. वारा सुटला की ती बुजते, तेव्हा पुन्हा पाडावी. हे काम गांडूळ लावण्यापेक्षा जास्त वेळ खातं आणि खरी मासेमारी तीच आहे.

इथे तंगुसाचं सगळं गणित उलटं होतं. वर सांगितलेला अपवर्तनांक विसरा. मुळेच्या पाण्यात माशाला तंगूस दिसत नाही, गांडूळ दिसत नाही, कधीकधी दुसरा मासाही दिसत नसावा. फ्लुरोकार्बनवर पैसे घालणं म्हणजे लोडशेडिंगमध्ये काळा चष्मा घेणं. इथला प्रश्न जलपर्णीच्या मुळ्यांचा. थराखाली त्या दाट झुपक्यांनी लोंबतात, आणि गळाला लागलेला मासा पहिला त्यांत घुसतो. बारीक तंगूस तिथे तुटतो आणि मासा, गळ, शिसं सगळं नदीजमा होतं. म्हणून 0.40 मिलिमीटरचा नायलॉन घ्यावा, साधारण दहा किलोचा ताण सोसणारा. चिलापीला एवढा लागत नाही, पण चिलापीसोबत अर्धा किलो जलपर्णीही वर येते.

मरळ हवी असेल तर विणलेली दोरीच घ्या. इथे गोठण्याची भीती नाही. मरळ झटका देते तेव्हा नायलॉन रबरासारखा ताणला जातो आणि गळ नीट रुतत नाही. विणलेली दोरी ताणत नाही. शिवाय मरळीला हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे ती तुम्ही पाडलेल्या खिडकीशी स्वतःच येते. तिकडच्या माशाला बर्फाखालीही पाण्यात सहसा प्राणवायू पुरतो. आपल्याकडे थर उजेड अडवतो, सांडपाणी प्राणवायू खातं, आणि टिकून राहतात ते वर तोंड काढून श्वास घेणारे. परदेशी मांगूरही त्यातलाच. त्याच्या पैदाशीवर सरकारची बंदी आहे, पण ती त्याला कोणी वाचून दाखवलेली नाही.

गाठ आवळण्याआधी तिला थुंकी लावा. कोरड्या गाठीत घर्षणाने नायलॉन तापतो आणि तिथेच तुटतो. ही एक सूचना दोन्ही वर्गांना सारखीच लागू आहे.

पकडलेला मासा खावा का, हा विषय या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे. मी स्वतः मासे खायला भिगवणला जातो. मुळेचं पाणी मुठा आणि भीमेच्या वाटेने तिथेच उजनीत पोचतं हे मला ठाऊक आहे, पण मधल्या शे-सव्वाशे किलोमीटरवर माझी श्रद्धा आहे. देहूला इंद्रायणीच्या डोहापाशी मात्र कुठलाच तंगूस नेऊ नये. तिथे माशांना खाऊ घालायचं असतं.

खरेदी रविवार पेठेत करावी, दोऱ्या-जाळ्यांच्या दुकानात. शक्यतो दिवाळीआधी. संक्रांत जवळ आली की पारदर्शक नायलॉनचं रीळ मागणाऱ्याकडे दुकानदार निराळ्या नजरेने बघतो. नायलॉन मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे आणि जानेवारीत पोलीस धाडी घालत असतात. पावती खिशात ठेवा. तरीही हिंजवडीच्या चौकात कोणी अडवून पिशवीत काय आहे असं विचारलंच, तर वाद घालू नका. आधी शिसं दाखवा, मग गळ, आणि तेवढ्याने भागलं नाही तर गांडुळांचा डबा पुढे करून साहेबांनाच झाकण उघडायला सांगा.