नाक मुठीत धरून

मेहेरबान हर्बर्ट रिस्लेसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

आपण १९११ साली वारलात, त्यामुळे पुढची हकीकत आपल्या कानावर आली नसेल. आपण आमची नाकं मोजलीत. रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. आकडा जितका लहान तितकी जात वरची, असा आपला शोध. १९०१च्या खानेसुमारीचे आयुक्त म्हणून जातींची उतरंडही आपण सरकारी कागदावर मांडून घेतलीत. रयतेनं दंगा करायला हवा होता. रयतेनं अर्ज केले! आम्हाला वरच्या पायरीवर घ्या म्हणून १९११ साली बंगालात आलेल्या अर्जांचं वजनच दीड मण भरलं.

धर्माच्या रकान्यात मात्र पंचाईत झाली. गुजरातेतले मतिया कुणबी कार्याला ब्राह्मण बोलवत, पिराण्याच्या इमामशहांना मानत आणि मयत पुरत. शेखडांच्या लग्नाला भटजीही आणि काझीही. मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्यांनी अशांना 'हिंदू-मुसलमान' असं लिहून टाकलं, तर आपल्यानंतरचे आयुक्त गेटसाहेब करवादले, कुठल्या तरी एकाच बाजूला घाला! साहेब गेले, पण ते काम आम्ही थांबवलेलं नाही. आता रकानाही लागत नाही, भाड्यानं खोली बघायला आलेल्याचं आडनाव विचारलं की भागतं.

आपल्या शास्त्राची कीर्ती सातासमुद्रापारही गेली. १९२३ साली भगतसिंग थिंड (आमचे शहीद भगतसिंग वेगळे) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. म्हणणं असं की, मी उच्चवर्णीय आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरा, सबब नागरिकत्व मिळावं. पुरावा म्हणून वकिलांनी सांगितलं की, सोयरीक करताना आमचा उच्चवर्णीय इथल्या आदिवासींना तसंच लेखतो, जसं तुम्ही निग्रोंना. यावर न्यायमूर्तींना गहिवरून यायला हवं होतं. पण तीनच महिन्यांपूर्वी ओझावा नावाच्या जपान्याला 'गोरा म्हणजे कॉकेशियन' असं सांगून नागरिकत्व नाकारणारं हेच न्यायालय आता म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, साधा अमेरिकन माणूस तुम्हाला गोरा म्हणणार नाही.

मालवणच्या समाजशास्त्रज्ञ घुर्यांनी १९३२मध्ये आपलेच आकडे तपासून सिद्धांत देशभर लागू पडत नाही असं दाखवलं. आंबेडकरांनी १९४८ साली मोजमापांच्याच आधारे ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरवले. पुस्तकं ग्रंथालयात सुखरूप आहेत.

२०२०मध्ये मिनियापोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मेला आणि इकडे फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं. शादी डॉट कॉमनं रंगाची चाळणी काढली. जागतिकीकरण म्हणतात ते हेच असावं. तेव्हापासून वरमाई 'गोरी हवी' असं म्हणत नाहीत. फोटो दिवसाउजेडी काढलेला, फिल्टर न लावलेला पाठवा, एवढंच म्हणतात. याच बाईंच्या चिरंजीवांना न्यू जर्सीत कुणी रंगावरून बोललं, तर त्या रातोरात कुटुंबाच्या ग्रुपवर वंशवादाविरुद्ध लांबलचक मजकूर टाकतात. त्यातला एक शब्दही खोटा नसतो.

कळावे,
एक अर्जदार