दर किलोमीटरला काय देता?

विलायतेत दानधर्माची एक अजब रीत आहे. चांगल्या कामाला पैसे हवे असले, तर ते नुसते मागून मिळत नाहीत. मागणाऱ्याने आधी काहीतरी कष्टाचे आणि शक्यतो कोणाच्याही उपयोगाचे नसलेले काम अंगावर घ्यायचे. कोणी बेचाळीस किलोमीटर धावतो, कोणी महिनाभर मिशी वाढवतो, कोणी डिसेंबरात थंडगार पाण्यात उडी घेतो. मग ओळखीपाळखीची माणसे त्याचे हाल डोळे भरून पाहतात आणि समाधानाने पाकीट उघडतात. आमच्या पेडण्यात चवथीला पावतीपुस्तक दारात येते, शिगम्याला रोंबाट अंगणात येते, आणि जो काय त्रास व्हायचा तो देणाऱ्याला होतो. मागणारा ताजातवाना असतो. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालली होती.

ती बिघडवली माझ्या भाच्याने. तो स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला गेलेल्या गोंयकारांची त्या गावात एवढी वस्ती आहे की, तिथे शेजाऱ्यांबद्दल काही बोलायचे तर कोकणी सोडून इंग्रजीत बोलावे लागत असेल. आमच्या गावच्या वाचनालयाचे छप्पर गळते आहे, हे मी त्याला फोनवर सांगितले. गळती नेमकी ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या कपाटावर आहे, त्यामुळे आमच्याकडे पानिपत दरवर्षी जूनमध्येच होते. मला वाटले, भाचा पैसे पाठवील. त्याने कल्पना पाठवली.

"मामा, वर्गणी बिर्गणी सोडा. कायाक घ्या, एकट्याने अख्खी नदी वल्हवा. दर किलोमीटरला कोण किती देणार ते आधी लिहून घ्या."

मी निवृत्त मास्तर. आयुष्यात मी वल्हे हातात धरले होते ते फक्त नाटकात, आणि तिथेही नदी पडद्यावर रंगवलेली होती. पण भाच्याने पुरावे धाडले. त्यातला पहिला मुंबईच्या कौस्तुभ खाडेचा. हा दिल्लीच्या आयआयटीत शिकलेला मुलगा २०१५ च्या अखेरीला गुजरातेतून निघाला आणि पश्चिम किनाऱ्याने एकटा कायाक वल्हवत ८४ दिवसांनी कन्याकुमारीला पोचला. अंतर सुमारे ३,००० किलोमीटर. मुलांसाठी काम करणाऱ्या 'मॅजिक बस' या संस्थेसाठी त्याने त्यातून निधी गोळा केला. किनाऱ्यावरून शांजली शाही सायकलवर त्याच्या सोबतीला होती. एकट्याच्या मोहिमेतही कोणीतरी रस्त्याने आपल्यासाठी घाम गाळत असते, हे मी लगेच टिपून ठेवले आणि सौभाग्यवतीला सायकल येते का, असे सहज विचारले. तिने दिलेले उत्तर इथे छापण्यासारखे नाही. खाडेच्या वेगाने केरीपासून पोळेपर्यंतचा गोव्याचा सबंध किनारा तीन दिवसांत संपतो. आम्हाला पेडण्याहून मडगावला जायचे तरी आदल्या रात्रीपासून तयारी लागते.

दुसरा पुरावा जुना होता. जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश घराण्यातल्या वकिलाने १८६५ साली 'रॉब रॉय' नावाची ओकच्या लाकडाची छोटी होडी घेऊन एकट्याने युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या, पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले आणि त्याचा नफा धर्मादाय कामाला देऊन टाकला. हा गृहस्थ अवघ्या काही आठवड्यांचा असताना आईवडिलांबरोबर हिंदुस्थानकडे निघालेल्या 'केंट' जहाजावर होता. १८२५ साली त्या जहाजाला भर समुद्रात आग लागली, आणि वाचलेल्यांत हे बाळ होते. एवढे झाल्यावर आमच्याकडच्या कोणत्याही आईने त्याला विहिरीवरसुद्धा एकटे जाऊ दिले नसते. इंग्रजांनी होडी दिली.

आता नदी कोणती, हा प्रश्न. लांब पल्ल्याची नदी गोव्यात मिळणे कठीण. मांडवीचे एवढे नाव, पण उगमापासून मुखापर्यंत तीही शंभर किलोमीटर भरत नाही. वाचनालयाच्या बैठकीत आमच्या डिचोलीच्या व्याह्यांनी आग्रह धरला की, सुरुवात साखळीहून वाळवंटीत करावी. विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या होड्यांची स्पर्धा होते, तेव्हा लोकांना होडीची सवय आहे. मला ते पटत होते, पण तिथून पुढे मांडवीला लागायचे म्हणजे बार्जी आल्या आणि पणजीला पोचल्यावर कॅसिनो. धर्मादायाच्या मोहिमेचा शेवट कॅसिनोच्या दारात झाला तर पावत्यांवर काय लिहायचे? पेडणेकरांचे म्हणणे, नदी पेडण्याचीच हवी. तालुक्यांचे हे युद्ध बराच वेळ चालले, आणि शेवटी शापोरा नदीने तह घडवला. ती तिळारीच्या खोऱ्यातून खाली येते. एका अंगाला पेडण्यातले इब्रामपूर, हणखणे, चांदेल, दुसऱ्या अंगाला डिचोलीतले साळ. पुढे कोलवाळ, कामुर्ली, शिवोली करत मोरजी आणि शापोरा किल्ल्याच्या मधून ती समुद्राला मिळते. गोव्यातली तिची लांबी साधारण ३२ किलोमीटर. भाच्याला हा आकडा कळवला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. नेटवर्क गेले असावे.

साळहून निघायचे ठरले, म्हणजे दोन्ही तालुक्यांकडून मागता येईल. मी वही घेऊन घरोघर गेलो. "दर किलोमीटरला काय देता?" या प्रश्नाने जो गोंधळ उडाला, तो जमीन कूळकायद्यानंतर पेडण्याने पाहिला नसेल. वकिलांनी विचारले, किलोमीटर सरळ रेषेत धरायचा की वळणावळणाने? भटजींनी विचारले, अमावास्या टाळली आहे ना? गल्ल्यावरच्या शेठनी किलोमीटरला दहा रुपये कबूल केले आणि रात्री झोप न आल्यामुळे पहाटे घरी आले. "मास्तर, ओहोटीला नदी आपोआप समुद्राकडे जाते. तुम्ही नुसते बसून राहिलात तरी पुढे सरकणार. त्या अंतराचे पूर्ण दहा का म्हणून?" मुद्दा बिनतोड होता. घासाघीस होऊन ओहोटीचा किलोमीटर पाच रुपयांवर तुटला. गणितात हा मुलगा माझ्याच हाताखाली नापास झाला होता. पुढे काय काय शिकवून जाते आयुष्य!

सगळ्यात सरळ व्यवहार माझ्या मावशीचा. तिने कनवटीची पाचशेची नोट काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "घे आणि गप घरी बस." गावात ही बातमी पसरली. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्या बाईने मी नदीत उतरू नये म्हणून पैसे दिले. मी ते वहीत निराळ्या रकान्यात लिहिले.

शिवोलीच्या एका म्हाताऱ्या मासेमाऱ्याने भरतीची जुनी रीत समजावली. तिथीला तीनने गुणायचे, चाराने भागायचे, येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. थोडे मागेपुढे होते, पण पंचांग आणि पाढे येत असले की दर्यावर्दी माणसाला आणखी काही लागत नाही. कार्तिक वद्य दशमी धरली, म्हणजे सकाळी निघालो की दुपारपर्यंत ओहोटीच्या पाठीवर बसून जाता येईल. निम्म्या दरात का होईना.

मोरजीच्या किनाऱ्यावरून आणलेली नारिंगी प्लास्टिकची कायाक टेंपोतून साळला पोचली तेव्हा बघायला फारसे कोणी आले नाही. त्याचे कारण आहे. साळचे गडे होळीच्या रात्री देवचाराच्या दिव्यामागे रानात धावत सुटतात, ते पाहायला सबंध गोवा तिथे लोटतो. अशा गावात एखादा मास्तर सकाळी सकाळी कारणाशिवाय नदीत शिरला, तर त्यात नवल ते काय? एकाने फक्त वर बघून सांगितले, "तिळारीचे पाणी सोडले नाही ना, ते विचारून घ्या." साळवाल्यांनी या नदीचे पूर घरात घेतले आहेत. त्यांचा सल्ला मी गंभीरपणे घेतला आणि जीवरक्षक जाकिटाचा पट्टा आणखी आवळला. श्वासही त्याबरोबर आवळला गेला.

वरच्या अंगाला पाणी उथळ आणि दगड पुष्कळ. बराच वेळ कायाकने मला नेण्याऐवजी मीच कायाकला नेत होतो. या अंतराचे पैसे धरायचे की नाही, याबद्दल वकिलांचे मत पुढे प्रतिकूल पडले. पात्र खोल झाल्यावर एका वळणाआड चार-पाच होड्या दिसल्या. माणसे बुडी मारून रेती काढत होती. नारिंगी जाकीट घातलेला, चष्मेवाला, पोट सुटलेला माणूस मुकाट्याने आपल्या दिशेने येतो आहे म्हटल्यावर त्यांनी मला खात्याचा साहेब समजून बादल्या टाकल्या आणि झाडीत पोबारा केला. न्यायालयाचे आदेश, पोलिसांची पथके, खाणखात्याच्या नोटिसा यांना जे साधले नव्हते, ते मी एका वल्ह्याने केले. थोड्या वेळाने झाडीतून आवाज आला, "अरे, हे तर आमचे मास्तर!" एकजण लाजत बाहेर आला. मी म्हटले, "पळालास कशाला?" तो म्हणाला, "सर, शाळेतही तुम्हाला बघून पळतच होतो. सवय." त्याने दर किलोमीटरला वीस रुपये लावले. पावतीवर नाव घालू नका म्हणाला.

मॅकग्रेगरला एकान्त कसा मिळाला असेल, हे मला त्या दिवशी कळेना. शापोरेच्या काठाने दर फर्लांगावर एक माणूस उभा असतो आणि त्याला तुम्ही कुठे चाललात हे कळल्याखेरीज पुढे जाऊ देत नाही. "मास्तर, खंय चल्ल्यात?" "शापोऱ्याला." "कित्याक? बस आसा मरे!" रेवोड्याला हे झाले, नादोड्याला झाले, कोलवाळच्या महामार्गाच्या पुलावरूनही एकाने स्कूटर थांबवून ओरडून विचारले. कोलवाळला राज्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. एकान्त हवा असलेल्या माणसाने नदीत न उतरता तिथेच चौकशी करावी, असे माझे मत झाले.

खरा घाव घातला कामुर्ली आणि तुये यांच्या मधल्या फेरीवाल्याने. फेरी मध्यावर थांबवून तो म्हणाला, "मास्तर, चालत येणाऱ्या माणसाला सरकार फुकट पलीकडे नेते. तुम्ही स्वतः वल्हवता आणि वर लोकांकडून पैसे घेता?" फेरीतले सगळे प्रवासी माझ्याकडे पाहू लागले. अर्थशास्त्र मी शिकवले नव्हते.

तुयेच्या काठावर भाचीचे सासर. तिने आधीच निरोप धाडला होता, जेवल्याशिवाय पुढे जायचे नाही. इस्वणाची आमटी, तिसऱ्यांचे सुके, सोलकढी, आणि वाढणारी माणसे घरचीच. पाहुण्याने नको म्हणायचे आणि यजमानाने वाढायचे, या क्रमाला काही शतकांचा आधार आहे. समुद्राला तो माहीत नसावा, कारण हात धुऊन मी काठावर आलो तेव्हा भरती लागली होती. कायाकमध्ये माझे वजनही वाढले होते. मी शिवोलीच्या दिशेने जीव तोडून वल्हवत होतो आणि कामुर्लीचा माड माझ्या डाव्या हाताला होता तिथेच होता. थोडा दम घेतला तर माड पुढे निघून गेला. काठावरून गल्ल्यावरचे शेठ स्कूटरने माझ्या मागोमाग येत होते. आता माझ्या पुढे होते. त्यांनी वही काढली. उलटे गेलेले किलोमीटर वजा करायला त्यांना पाढा लागला नाही.

शेवटी सांजेला चोपड्याच्या पुलाखाली एका मासेमाऱ्याने दोर टाकला आणि मला ओढत आगरवाड्याच्या काठाला लावले. समुद्र तिथून दिसत नाही, पण वास येतो. मिठागरांचाही येतो.

हिशोब मांडला तो असा: मी वल्हवल्याबद्दल आलेली रक्कम, वजाबाकी, निम्मे दर आणि वकिलांची वळणे धरून, कौलांच्या गाडीभाड्याला पुरली. मी जाऊ नये म्हणून आलेल्या रकमेत वाचनालयाच्या पुढच्या अर्ध्या भागाची कौले बदलून झाली. मी नदीत उतरलो हे कळल्यावरही एकाही बाईने पैसे परत मागितले नाहीत. मावशीने उलट आणखी दोनशे दिले, पुन्हा न जाण्याबद्दल. माझे मत आता पक्के आहे. आमच्याकडे माणूस हाल पाहून देत नाही, हाल टळावेत म्हणून देतो, आणि यात वर्गणी जास्त जमते. भाच्याला मी हे सविस्तर कळवले आहे.

मागच्या अर्ध्या छपराची कौले अजून बाकी आहेत आणि पानिपताचे कपाट त्याच बाजूला आहे. भाच्याने तेरेखोल नदीचा नकाशा पाठवला आहे. ती दोन राज्यांच्या सीमेवरून वाहते, म्हणजे बांद्याच्या लोकांकडेही वही घेऊन जाता येईल. ज्या वाचकांना मी तिथे जाऊ नये असे वाटते, त्यांनी जूनच्या आत पैसे पाठवावेत. पावती मिळेल.