एका सुराची नोकरी

कबनुरात राहणाऱ्या माणसानं हेन्री पर्सेल हा जुना इंग्रज संगीतकार ऐकू नये, असा ठराव अजून कुणी केलेला नाही. मांडला तर मात्र सूचक-अनुमोदक लगेच मिळतील. इचलकरंजी कुठं संपते आणि कबनूर कुठं लागतं हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही, कारण कानाला दोन्हीकडं एकच ऐकू येतं, ते म्हणजे माग. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून हा आवाज शेतं आणि गल्ल्या ओलांडत आमच्या उशापर्यंत आला. घरी नवा जावई आला की पहिल्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागत नाही. आम्ही मात्र लाइट गेली की दचकून जागे होतो.

अशा गावात मी सतराव्या शतकातलं इंग्रजांचं तंतुवाद्यांचं संगीत ऐकतो. फोनवरून, खिडकीत ठेवलेल्या लहानशा स्पीकरवर. आवाज कितीही वाढवला तरी त्याचा उपयोग नसतो, कारण हे संगीत मुळातच कुणाला ऐकवायचं म्हणून रचलेलं नाही. चार-पाच-सहा माणसांनी एका खोलीत बसायचं आणि एकमेकांसाठी वाजवायचं, एवढाच त्याचा पसारा. राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई जुंपली होती त्या काळाबद्दल रॉजर नॉर्थ नावाच्या वकिलानं नंतर लिहून ठेवलंय की, बाहेर जाऊन डोकं फोडून घेण्यापेक्षा पुष्कळांना घरात बसून वाजवत राहणं बरं वाटायचं. विल्यम लॉज हा संगीतकार मात्र घरात बसला नाही. राजाच्या बाजूनं गेला आणि 1645 मध्ये चेस्टरपाशी लढाईत मारला गेला. त्याच्या रचनांत स्वर एकमेकांना असे काही घासून जातात की ऐकताना वाटतं, हा माणूस घरीही कुणाशी ना कुणाशी भांडलाच असता.

वाद्यं व्हायल जातीची. व्हायल ही व्हायोलिनची आई नव्हे, फार तर मावशी. लहान असो की मोठी, ती पायांमध्ये उभी धरायची. तारा सहा, त्याही आतड्याच्या. दांडीवर पडदे असतात आणि तेसुद्धा आतड्याच्याच तंतूनं बांधलेले, सैल करून सरकवता येतील असे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणाच्याही दुकानात डोकावलं तर सतारीच्या दांडीवर पडदे बांधायचं हेच काम चाललेलं दिसेल. गज धरायची तऱ्हाही व्हायोलिनवाल्यांची नव्हे, तर आपल्या सारंगियांची. तळहात वर करून, खालून धरलेला. त्यामुळं आवाजात जोर येत नाही, पण घोगरी माया येते. थॉमस मेस यानं 1676 च्या पुस्तकात सल्ला दिलाय की घरात अशा सहा वाद्यांची एक पेटी असावी. दोन लहान, दोन मधली, दोन मोठी. आपल्याकडं मुलीला रुखवतात शिवणयंत्र देत, तशातला प्रकार.

आमच्या भिंतीला लागूनच मामांचा कारखाना आहे. मामा खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, बीम त्याचं, कापडही त्याचंच. माग, लाइटबिल आणि कटकट तेवढी मामांची. दुपारी ते माझ्या ओट्यावर तंबाखू मळायला येतात. पहिल्यांदा हे संगीत कानावर पडलं तेव्हा ते खिडकीपाशी थबकले.

“मास्तर, कोण रडालंय वो आत?”

रडत नाही कुणी, हे विलायतेतलं साडेतीनशे वर्षांपूर्वीचं वादन आहे, असं मी सांगितलं. त्यांनी थोडा वेळ मान कलती करून ऐकलं आणि निकाल दिला, “ठेका कुठाय ह्येला?”

मामांना कल्पना नाही, पण ही तक्रार त्यांच्या आधी इंग्लंडच्या राजानं केलेली आहे. दुसरा चार्ल्स 1660 मध्ये परतला तो फ्रेंच दरबाराचे शौक घेऊन. ज्यावर ताल धरता येत नाही ते संगीत त्याला सोसतच नसे, आणि व्हायलींच्या या रचनांचा, म्हणजे फँटाझियांचा, तर त्याला मनस्वी तिटकारा होता, असं नॉर्थच सांगतो. त्यानं चोवीस व्हायोलिनवाले पदरी ठेवले आणि बिचाऱ्या व्हायली माळ्यावर गेल्या. असं असताना 1680 च्या उन्हाळ्यात, वयाची एकविशीही न गाठलेला पर्सेल, राजाच्याच नोकरीत राहून, चार भागांच्या, म्हणजे चौघांनी एकाच वेळी वाजवायच्या, फँटाझिया लिहीत बसला. जूनच्या दहा तारखेला एक, अकराला दुसरी, चौदाला तिसरी, अशा तारखा त्यानं स्वतःच्या हातानं वहीत घातल्यात. ऑगस्टअखेरपर्यंत नऊ झाल्या. कुणी मागितल्या नव्हत्या, आणि तो जिवंत असेपर्यंत त्या छापल्याही गेल्या नाहीत. 1683 मध्ये त्यानं इटालियन धाटणीचे तीन भागांचे सोनाटा मात्र रीतसर छापले आणि राजालाच अर्पण केले. त्यात ठेका आहे. पर्सेल हुशार होता, पण खुळा नव्हता.

ठेका नसल्याची तक्रार इथं तशीही टिकत नाही. भिंतीपलीकडं सहा माग, प्रत्येकाची चाल किंचित वेगळी. कधी सगळे एकत्र येतात, कधी पांगतात. त्यावर पर्सेलचा एक भाग पुढं सरकतो, दुसरा तीच ओळ उशिरानं उचलतो, तिसरा ती उलटी करून म्हणतो. लंडनच्या स्टुडिओत बसून नुसता पर्सेल ऐकणाऱ्यांना ही साथ मिळत नाही, याचं मला कधी कधी वाईट वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते एका विशिष्ट रचनेबद्दल. पर्सेलची पाच भागांची एक फँटाझिया आहे. चार जण नेहमीप्रमाणं धावतात, थांबतात, मधेच काळजाला हात घालतात आणि परत धावतात. पाचवा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच स्वर धरून बसतो. मधला ‘सी’. सगळा प्रकार तीनेक मिनिटांचा. स्वर तोच, पण भोवतालचे चौघे सारखे जागा बदलतात, त्यामुळं तो कधी घरचा वाटतो, कधी पाहुणा, आणि एके ठिकाणी तर चक्क चुकल्यासारखा वाटतो. त्यानं काहीच केलेलं नसतं. चूक भोवतालच्यांची असते. सरकारी नोकरीत हयात गेलेल्यांना हे लगेच उमगावं.

या रचनेचं एक जुनं ध्वनिमुद्रण आहे. बेंजामिन ब्रिटन या संगीतकारानं 1945 साली, पर्सेलला जाऊन अडीचशे वर्षं झाली त्या निमित्तानं, आपली दुसरी चौकडी लिहिली. पुढच्या वर्षी झोरियन क्वार्टेटनं ती तबकड्यांवर वाजवली. शेवटच्या तबकडीची एक बाजू मोकळी राहिली, तिथं पर्सेलची ही एका सुराची फँटाझिया घेतली. पाचवा वादक हवा होता. व्हायोला घेऊन तिथं बसला स्वतः ब्रिटन. ज्याच्या ऑपेरानं नुकतंच लंडन डोक्यावर घेतलं होतं, तो माणूस तीन मिनिटं एकच स्वर वाजवत राहिला. आपल्याकडं एखाद्या नामवंत संगीत दिग्दर्शकाला तुणतुणं धरून शाहिराच्या मागं उभं करा, मग कळेल.

तुणतुण्याची आपण फार हेळसांड केली आहे. तेच तेच बोलणाऱ्याला ‘ह्याचं एकच तुणतुणं’ म्हणून हिणवतो, आणि कोल्हापूरच्या मातीत पोवाडा उभा राहतो तो मात्र त्याच एका तारेवर. तंबोऱ्याचं जरा बरं, तो निदान दिसायला भारदस्त. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, मिरजेच्या कारागिरांचा हात. 2024 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, आणि त्यांचा तंबोरा लागला की गाणं निम्मं झालं असं जुने लोक सांगत. त्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या मी याच स्पीकरवर ऐकतो. खरखरीच्या मागं तंबोरा शोधावा लागतो, पण तो सापडला की गळा कशाच्या आधारानं इतका मोकळा सुटलाय ते समजतं.

फरक आहे तो बसण्याच्या जागेत. आपल्या मैफलीत तंबोरेवाला मागं बसतो. तो शिष्य असतो, बुवांच्या मानेकडं बघत असतो, आणि निवेदक त्याचं नाव सगळ्यांत शेवटी, बहुधा चुकीचं घेतो. पर्सेलचा सूरधरू बसतो बाकीच्या चौघांमध्येच, सगळे सारख्या मानाचे. आमच्या इचलकरंजीच्या बाजूला गाण्याचं वावडं होतं असंही कुणी समजू नये. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर 1926 मध्ये गेले. म्हणजे पहिला माग आला तेव्हा ते हयात होते, आणि ख्याल व खटखट या दोन्ही गोष्टी या गावानं एकाच काळात पोसल्या. त्यांचे शिष्य अंतूबुवा जोशी, आणि अंतूबुवांचे चिरंजीव गजाननराव. गजाननरावांनी गाण्याबरोबर व्हायोलिनही हातात घेतलं. साहेबाचं वाद्य मांडी घालून बसलं आणि ख्याल गाऊ लागलं. पण तिथंही एकच मुख्य, बाकी सगळे साथीला. चौघांनी एकाच वेळी मुख्य व्हायचं आणि तरी भांडण होऊ द्यायचं नाही, ही कला आपल्याकडं फक्त पंगतीत वाढपी लोकांना साधते.

आता या फँटाझिया पुष्कळांनी वाजवून ठेवल्यात. व्हिएन्नाच्या हार्नोन्कोर्टनं वाजवल्या, कातालान जोर्दी सावालनं वाजवल्या, इंग्रजांच्या फ्रेटवर्कनं तर वाजवल्याच. सावाल मला जरा जास्त काळोखा वाटतो; अमावास्येला ऐकू नये. फ्रेटवर्कचं काम स्वच्छ, धुतल्या तांदळासारखं. ओळ सुरू होण्याआधी वादक एकत्र नाकानं श्वास घेतात, तो बारीक फुस्स आवाज अशा मुद्रणांत अधूनमधून राहून जातो. कुणी म्हणेल, तो काढून टाकायला हवा. मला त्याच्यासाठीच पैसे द्यावेसे वाटतात.

पर्सेलच्याच काळात लंडनमध्ये थॉमस ब्रिटन नावाचा एक कोळसेवाला होता. (वरच्या ब्रिटनशी नातं नाही, इंग्रजी स्पेलिंगही वेगळं.) निळा अंगरखा घालून, खांद्यावर पोतं टाकून गल्लोगल्ली कोळशाचा चुरा विकायचा. क्लार्कनवेलमध्ये कोळशाच्या वखारीवर त्याची एक लांबट, ठेंगणी माडी होती, शिडीवजा जिन्यानं चढायची. तिथं त्यानं 1678 पासून दर आठवड्याला वादनाच्या बैठकी भरवल्या, त्या थेट 1714 मध्ये मरेपर्यंत. उमराव मंडळी तो जिना चढून यायची. हँडलसुद्धा तिथं वाजवून गेला म्हणतात. कॉफी एक पेनी. शेवट विलक्षण. कुणीतरी पोटातून आवाज काढणारा आणून त्याची चेष्टा केली, तुझी घटका भरली म्हणून. आणि हा भाबडा माणूस त्या धसक्यानं काही दिवसांत गेला, अशी गोष्ट सांगतात.

हे मी मामांना सांगितलं, कारण त्यांच्या कारखान्यावरही एक माडी आहे. सध्या तिथं कांडी मशीन आणि सुताची पोती आहेत. मामांनी माडीच्या विषयाला बगल दिली, पण एका सुराचा विषय धरला.

“म्हंजे नुसतं गज वडत बसायचं?”

मी म्हटलं, तेवढंच, पण गज संपतो. मग तो परतवावा लागतो, आणि परतवला हे ऐकू येता कामा नये. सूर अखंड वाटला पाहिजे. एकदा जरी जोड कळला तरी सगळं फुकट.

मामांनी तंबाखू मळायची थांबवली. हे त्यांना नवीन नव्हतं. मागावर उभी तार तुटते. वहीतून, फणीतून ओढून ती जोडायची असते, आणि गाठ कापडावर दिसली तर घडीवाला तागा बाजूला काढतो, व्यापारी पैसे कापतो. बारीक गाठ मारणारा कामगार मामा जास्त पैसे देऊन ठेवतात, तो दारू पीत असला तरी. त्यांनी मला ती तीन मिनिटं पुन्हा लावायला सांगितली आणि स्पीकरला जवळजवळ कान टेकवून, चष्मा कपाळावर सारून, जोड हुडकत बसले. एकदा त्यांनी बोट वर केलं, मग विचार बदलला आणि खाली घेतलं.

“गडी तयार हाय,” ते म्हणाले. “पर मजुरी कशी ह्येची? मीटरवर का पाळीवर?”

मी त्यांना जॉन जेंकिन्सची हकिकत सांगितली. शहाऐंशी वर्षं जगला, आयुष्यभर कुणा ना कुणा जमीनदाराच्या वाड्यात राहून व्हायलींसाठी लिहीत राहिला, घरच्यांना शिकवत राहिला. नॉर्थच्या घरीही तो होता. पगाराचा करार त्यानं कधी कुणाशी केला नाही. देतील ते घ्यायचा.

“हात्तिच्या,” मामा उठत म्हणाले, “म्हंजे खर्चीवालाच की!”