प्लग काढून बघा

साताऱ्यात शाहूपुरीला किंवा सांगलीत विश्रामबागेला रविवारी सकाळी एक चक्कर मारा. कुठल्या ना कुठल्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडं दिसेल आणि त्यात कमरेपर्यंत शिरलेले एक निवृत्त गृहस्थ. बाहेर उरलेला निम्मा भाग पट्ट्यापट्ट्याच्या हाफ पँटमध्ये असतो. हे बापू. कागदोपत्री नाव काहीही असो, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असोत नाहीतर साखर कारखान्यातून, गल्ली त्यांना बापूच म्हणते. आणि आपली गाडी बिघडली तर ते बापूंना कळू नये, याची काळजीही घेते.

कारण बापूंच्या मते मोटारीला आजार एकच. गाडी मिसिंग मारतेय? प्लग. यवतेश्वरच्या घाटात दम सोडतेय? प्लग. शेजाऱ्याच्या गाडीचा हॉर्न वाजेना, तर तिथंही बापू म्हणाले, "एकदा प्लग काढून बघायला काय हरकत आहे?"

ही श्रद्धा प्रिया स्कूटरची देणगी. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी 1975 ची, तिचा कारखाना साताऱ्यातच, आणि बापूंची पहिली गाडी तिथलीच प्रिया. इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं, त्यामुळं प्लगवर काजळी ठरलेली. डिकीत प्लगपाना, काचकागद आणि एक जादा प्लग टाकल्याशिवाय शहाणा माणूस गावाबाहेर पडत नसे. स्कूटर बंद पडली, प्लग घासला, किक मारली, चालू! तरुणपणी ज्याला इतकं रोकडं यश मिळालं, तो पुढं दुसरी कारणं कशाला शोधत बसेल?

आता दारात जुनी, कार्बुरेटरवाली मारुती 800 आहे. सिलिंडर तीन, म्हणजे प्लग तीन, म्हणजे आनंदही तिप्पट. 'ऐक्य'चा जुना अंक अंथरून हत्यारं मांडली जातात. इंजिन गार पाहिजे. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलेलं असताना जोर लावला तर आटे जातात, हे बापू दर खेपेला नव्यानं शोध लागल्यासारखं सांगतात. मग नातवाला टॉर्च घेऊन उभं केलं जातं. आजोबांच्या मनासारखा टॉर्च धरणारा नातू सातारा जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. "इकडं धर. माझ्या डोळ्यात नको. प्लगवर धर. अरे, प्लग मला दिसू दे, तुला दिसून काय उपयोग?"

भोवतीची माती फुंकून, टोपी धरून वायर काढायची. वायर ओढणाऱ्याला बापू माणसात धरत नाहीत. पाना लागतो, 'कुर्र' आवाज होतो आणि प्लग बाहेर येतो. ज्योतिषानं पत्रिका बघावी तसा तो बापू उन्हात धरून वाचतात. टोक बिस्किटी रंगाचं म्हणजे इंजिन ठणठणीत. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर एअर फिल्टर तुंबलाय. तेलकट काळं दिसलं तर रिंगांवर संशय. पांढरं फटक असलं तर इंजिन जास्त तापतंय. हे निदान सहसा बरोबर निघतं, हीच खरी पंचाईत. चुकत असते तर घरच्यांना बोलता तरी आलं असतं.

"अहो, मंडईत जायचंय."

"अर्धा तास."

काकू पिशवी घेऊन चालत निघतात. मेकॅनिकची मजुरी मात्र वाचते. तेवढ्याचा चहा बघे पितात.

खरी रंगत सांगलीचे व्याही आले की. अण्णा विश्रामबागेतले बापूच. भडंगाची पिशवी काकूंच्या हातात पडायच्या आत बॉनेट वर. बापू प्लगचा गॅप फिलर गेजनं मोजतात, 0.7 ते 0.8 मिलिमीटर. अण्णा हॅक्सॉ ब्लेडचं पातं घालतात आणि म्हणतात, "बसलं बगा."

"असं अंदाजपंचे चालत नाही, पाव्हणं."

"किर्लोस्करवाडी आमच्या जिल्ह्यात हाय. आमाला हत्यार धरायला शिकवू नगा."

"वाडी वसली 1910 ला. माळ कुणी दिला? औंधच्या राजांनी. औंध कुठं? साताऱ्यात! आणि तुमचा जिल्हा तरी कुणाचा? 1960 पर्यंत दक्षिण सातारा म्हणत होते त्याला!"

याला अण्णांकडं उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी एका दमात तिन्ही वायरी उपटल्या.

बापूंचा रंग उडाला. एका वेळी एकच वायर, हा त्यांचा धर्म. तीन वायरींच्या जोडण्या सहा होतात आणि त्यातली बरोबर एकच. फायरिंग ऑर्डर 1-3-2, हे दोघांनाही तोंडपाठ. फक्त एक नंबरचा सिलिंडर कुठल्या बाजूचा, यावर सातारा आणि सांगली यांचं एकमत होईना. पहिल्या जोडणीला इंजिन नुसतं खोकलं. दुसऱ्या जोडणीला सायलेन्सरमधून असा बार निघाला की कडुलिंबावरचे कावळे उडाले आणि समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, "कोण निवडून आलं?" पोरांच्या लग्नात मानपानावरून एक शब्द न काढलेले हे दोघे भले गृहस्थ त्यानंतर बराच वेळ एकमेकांशी नातवामार्फत बोलत होते. गाडी शेवटी लागली. कुणाच्या जोडणीनं, हे दोन्ही घरांत वेगवेगळं सांगितलं जातं.

गेल्या दिवाळीत पुण्याहून मुलगा नवी गाडी घेऊन आला. पेढे वाटून होईपर्यंत बापू पाना घेऊन हजर.

"बापू, डिझेल आहे. स्पार्क प्लग नसतोच हिला. हवा दाबूनच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं."

बापू मटकन पायरीवर बसले. प्लग नाही म्हणजे गाडी बिघडली तर माणसानं करायचं काय? कुणाला काही सुचेना. तेवढ्यात अण्णांनी तोंडातला पेढा कसाबसा गिळला.

"हीटर प्लग असत्यात की, पाव्हणं. थंडीत चालू हुयाला."

"किती?"

"चार."

बापू उठले. "पाना कितीचा लागतो हो त्याला?"

मुलानं किल्ली खिशात टाकली आणि खिसा वरून घट्ट दाबून धरला.