पाच वर्षांनी कुठे असाल?

हिंजवडीतल्या कंपनीत शिरायचं तर आधी फळ्यावर बायनरी ट्री उलटं करून दाखवावं लागतं. पुढच्या फेरीत, लाखो लोक एकाच क्षणी तिकीट काढतील अशा यंत्रणेचा आराखडा. शेवटी एचआरच्या बाई गोड आवाजात विचारतात, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? (खरं उत्तर: वाकडच्या पुलाखाली, पहिल्या गिअरमध्ये.) एवढं सगळं पार पडलं की काम मिळतं, जुन्या फॉर्मवरचं बटण डावीकडून उजवीकडे सरकवायचं.

पगाराचा वार्षिक आकडा भरघोस. फक्त त्यात कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला, ग्रॅच्युइटीही धरलेली, आणि 'व्हेरिएबल' साहेबांच्या मर्जीवर. तुम्हाला सोडायचं तर 90 दिवसांची नोटीस. त्यांना काढायचं तर 3 वाजता मीटिंगचा निरोप, 4 वाजता लॅपटॉप जमा.

महावितरणातून निवृत्त झालेले बाबा विचारतात, "पर्मनंट आहे ना रे?"

"या तिमाहीपुरती तरी आहे, बाबा."

आई व्यवहारी. तिला एवढंच कळायला हवं असतं, की कोथरूडहून फेज 3 ला वेळेत पोचायचं तर डबा किती वाजता भरायचा.