मोजणीबाबूंचा साक्षीदार

आलापल्लीत कोणाचं कुंपण कोणाच्या जागेत किती सरकलं, हे तलाठ्याच्या आधी मोजणीबाबूंना विचारतात. हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सगळी नोकरी लाकूड डेपोत गेली. ओंडक्याची लांबी घ्या, मधली गोलाई घ्या, घनमीटर काढा, टोकावर हातोड्याची निशाणी ठोका, मग रजिस्टरला नोंद. नोंद नाही तर ओंडका नाही, भले तो पायावर पडलेला असो. निवृत्त झाले तरी खिशातली टेप सुटली नाही. त्यांच्याशी भांडायची सोय नाही, तुम्ही तावातावानं "तेव्हा" म्हणालात की ते शांतपणे "किती वाजता?" विचारतात.

अशा माणसाला हैदराबादच्या जावयानं गाडीत लावायला डॅशकॅम पाठवला. एक डोळा पुढच्या काचेला, दुसरा मागच्या. पडदा नाही, मेमरी कार्ड नाही. जे टिपेल ते आतल्या आत साठणार आणि पाहायचं ते मोबाइलवर. बाबूंनी डबी उलटसुलट केली.

"म्हणजे यानं काय पाहिलं, ते यालेच माहीत?"

"अहो, जावईबापूंनी पाठवलंय," आतून काकू म्हणाल्या. जावयाच्या वस्तूला नावं ठेवता येत नाहीत. म्हणून मग चाचणी.

पहिलीच अडचण तारखेची. डबा सुरू झाला तो कारखान्यातली कुठलीशी जुनी तारीख घेऊन. अ‍ॅप जोडलं की वेळ आपोआप जुळते, हे मी सांगेपर्यंत बाबूंनी तो संशयित म्हणून बाजूला काढून ठेवला होता. मोबाइल कॅमेऱ्याच्या वायफायला जोडला, तर त्यावर सूचना आली, 'इंटरनेट उपलब्ध नाही'. आलापल्लीत ही बातमी कोणाला नवी वाटली नाही.

मग गल्लीत टेप पसरली. पाच, दहा, पंधरा मीटरवर खडूच्या खुणा. शेजारची पोरं शाळेच्या पाट्यांवर आकडे लिहून उभी केली. मला सगळ्यात लांबची पाटी मिळाली. गाडी जागेवर, बाबू आत, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात वही. दिवसा दहापर्यंत झकास. पंधरावर माझ्या ३ चा ८ झाला. रात्री समोरच्या मोटारसायकलचा दिवा चालू करून पाहिला, तर नंबरप्लेटच्या जागी पांढरा गोळा. बाबूंनी लिहिलं, 'रात्री साक्ष ग्राह्य नाही.' इथून जाणाऱ्या खनिजाच्या ट्रकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पाट्यांवर इतकी लाल धूळ बसलेली असते की आकडा भर दुपारीही दिसत नाही. तिथे मात्र बाबूंनी कॅमेऱ्याला निर्दोष सोडलं.

खरा स्फोट झाला जंगलाच्या रस्त्यावर. इथल्या सागाचा आम्हाला सगळ्यांनाच अभिमान. आलापल्लीचं 'वनवैभव' २०१४ साली महाराष्ट्राचं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झालं, २०२३ मध्ये राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग अयोध्येला गेला. आणि यातला निम्मा जणू आपणच मोजून दिला अशा चेहऱ्यानं बाबू चौकात वावरतात. संध्याकाळी त्यांनी जंगलातलं चित्रण लावलं. रस्त्याच्या दोन्ही कडांचे साग आतल्या बाजूला वाकलेले!

"हे झाड सरळ आहे," बाबू मोबाइलवर बोट आपटत म्हणाले. "सरळ सागाले वाकडा दाखवते थे यंत्र कोर्टात का सांगन?"

मी समजावलं की रस्त्याच्या दोन्ही कडा एका वेळी मावाव्यात म्हणून भिंग फार रुंद कोनाचं ठेवतात, त्यामुळे चौकटीच्या काठाजवळच्या सरळ रेषा वाकतात. बाबूंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी झाडाला ओळंबा लावून आले. झाड सरळ निघालं.

मे महिन्यात आणखी एक प्रकरण झालं. चंद्रपूरचा पारा ४७ च्या पुढे गेला की बंद गाडीत हात घालवत नाही. अशा उष्णतेत साधी लिथियम बॅटरी फुगते, म्हणून चांगल्या डॅशकॅममध्ये सुपरकपॅसिटर असतो, असं मी सहज बोलून गेलो. याच्यात काय आहे ते डबीवर सापडेना. तेव्हा बाबूंनी ओला दुपट्टा कॅमेऱ्यावर टाकला आणि तो तसाच विसरून अहेरीला जाऊन आले. त्या फेरीचं पुढचं सगळं चित्रण म्हणजे दुपट्ट्याची आतली बाजू. वीण स्पष्ट दिसत होती, हे कबूल करायला हवं.

मग बाबू बहिणीकडे जिमलगट्ट्याला निघाले, सिरोंच्याच्या रस्त्यानं. या कॅमेऱ्यात धक्का ओळखणारा सेन्सर असतो. गाडी आदळली की तो त्या क्षणाचं चित्रण कुलूपबंद करतो, अपघाताचा पुरावा पुसला जाऊ नये म्हणून. आमच्या रस्त्याची त्याला कल्पना नसावी. रेपनपल्ली येईपर्यंत त्याच्या लेखी बाबूंचे इतके अपघात झाले होते की गाडी भंगारात आणि बाबू दवाखान्यात असायला हवे होते. कुलूपबंद फायलींनी साठवण भरत आली. बाबूंनी घरी येऊन एकेक उघडून पाहिली. सगळे खड्डे. मी म्हटलं, सेन्सरचा जोर कमी करा. बाबू म्हणाले, "आधी खड्डे उतरवून घेतो."

पण त्यांची झोप उडाली ती शेवटच्या शोधानं. साठवण ३२ जीबीची, त्यात डोळे दोन. तीनेक तासांत ती भरते आणि मग कॅमेरा जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. कार्ड असतं तर मोठं घालता आलं असतं. इथे तीही सोय नाही.

"स्वतःचं रजिस्टर स्वतःच खोडते?" बाबूंचा आवाज बसला. डेपोत चुकीची नोंदसुद्धा खोडायची नसते; आडवी रेघ मारून बाजूला सही करायची.

अहेरीच्या कोर्टात वकिली करणारा त्यांचा भाचा आला तेव्हा जरा धीर मिळाला. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असं चित्रण कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो, असं तो म्हणाला. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला लांबलचक आकडा. आत कणभर फेरफार झाला तरी तो बदलतो.

"म्हंजे हातोड्याची निशाणी!" बाबू ताडकन उठले. त्या डब्याशी संबंधित गोष्टीला त्यांनी पहिल्यांदाच चांगलं म्हटलं. "फॉर्म कुठं भेटते, मामाजींना सांग."

तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबू ओट्यावर मोबाइल घेऊन बसतात आणि दिवसभराचं चित्रण पुसलं जायच्या आत हातानं रजिस्टरमध्ये उतरवून काढतात. वेळ, ठिकाण, वाहन, दिशा, शेरा. काकू म्हणतात, मग कॅमेरा कायले पायजे होता? या प्रश्नाची नोंद बाबूंनी केलेली नाही.

परवा नागेपल्लीचा एक गडी आला. रात्री त्याची बकरी कुठल्याशा गाडीखाली गेली होती. चित्रण असेल तर पाहावं म्हणून आला. चित्रण कधीच पुसलं गेलेलं. बाबूंनी रजिस्टर उघडलं, चष्मा सावरला आणि वाचलं, "सकाळी ७.४०, नागेपल्लीचं वळण, काळी बकरी, नग एक, उजवीकडून डावीकडे."

"तेच, बाबूजी! कोनं मारली?"

"रात्री माही गाडी घरी होती. पण ७.४० ले बकरी जित्ती होती, एवढं लिहून देतो." खाली कार्बन घालून त्यांनी दोन प्रती काढल्या, सही केली, मग पेन थांबला. "तुहीच कशावरून? काही निशाणी?"

"डाव्या कानाले काप आहे, बाबूजी."

बाबूंनी पट्टी घेतली, रजिस्टरवर उभी रेघ ओढली आणि नव्या रकान्याला मथळा दिला. मग त्या गड्याला म्हणाले, "आता अर्ज आण."